डावीकडून तिसरी क्रेन

आमच्या आईचा एकही फोटो धड नाही. म्हणजे फोटो ढीगभर आहेत, पण प्रत्येकात तिचे डोळे मिटलेले. ताईच्या लग्नात मिटलेले, माझ्या बारशात मिटलेले, कामाच्या ओळखपत्रावर तर असे अर्धवट की बंदराच्या फाटकावरचा शिपाई विचारायचा, "बाई, झोपेत काढला का हो?" एक, दोन, तीन म्हणून बघा, तीनच्या आत पापण्या खाली. चोरून काढायला जा, तरी हिला कसं कोण जाणे कळतं. ताईने हात टेकले. मी तर कधीचेच टेकलेत, माझ्यात तेवढा दम नाही.

बाबांचं तसं नाही. ते पुस्तकं बांधतात, घरीच, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर. सुटलेली पानं दिवसभर शिवत बसणारा माणूस इतक्यात कशाला हार मानेल?

आणि आई बंदरात क्रेन चालवते. काचेच्या केबिनमध्ये उंचावर एकटी बसते आणि घरं मावतील एवढ्या पेट्या उचलून इकडच्या तिकडे ठेवते. आमचं घर बंदराच्या वरच्या रस्त्याला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीतून धक्का अगदी समोर येतो आणि धक्क्यावर चार क्रेन ओळीने उभ्या. आई तिथे लागली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "तुझी कुठली गं?" ती म्हणाली, "डावीकडून तिसरी." झालं! तेव्हापासून डावीकडून तिसरी म्हणजे आमच्या घरातलंच एक माणूस.

दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला की बाबा हातातलं काम टाकून गच्चीवर जातात आणि बांधणीच्या लाल कापडाचा एक तुकडा हलवतात. तिसऱ्या क्रेनचा हूक दोनदा खाली-वर होतो. मग बाबा खाली येऊन जेवायला बसतात. याबद्दल घरात कुणी कधी अवाक्षर काढलेलं नाही. आई संध्याकाळी येते ती "नळ नीट बंद केला होतात ना?" असं विचारत. बाबाही हुकाचं नाव काढत नाहीत. लाजतात. या वयात! मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप एकमेकांशी असंच बोलत असतील.

आता आई निवृत्त होणार होती. शेवटचा दिवस दोन दिवसांवर आला, तेव्हा बाबांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर खळ लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हटलं, "तुझ्या त्या कॅमेऱ्यात एवढ्या लांबचं येतं का?"

"कशाचं?"

"तिचं. तिथे बसलेली असताना. जन्मभर ती तिथे बसली आणि मी तिचा तिथला चेहरा बघितला नाही. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. परवानंतर ती वर चढणार नाही." मग पुठ्ठा उलटा करून म्हणाले, "डोळे उघडे असलेला एक आला तर बघ."

बाबा माझ्याकडे कधी काही मागत नाहीत. मला रडू येणार असं वाटलं आणि तसं वाटलं की मी चिडते. "तुम्हाला आत्ता सुचतंय होय? दोन दिवस राहिल्यावर?" असं ओरडले आणि चपला घालून बाहेर पडले.

माझा आवाज तसा चढलेलाच असतो. मी गाडी चालवायला शिकवते. "आरशात बघा! मागे कोण आहे ते आरशात बघा!" असं दिवसभर शेजारी बसून किंचाळायचं, हाच धंदा. आरशावरून घरी मला टोमणेही खावे लागतात, ते वेगळंच. बाबांचा दाढीचा एक गोल आरसा होता, गुलाबी प्लॅस्टिकच्या कडेचा. त्या कडेचा एके ठिकाणी उंदराने चावल्यासारखा टवका गेलेला. तो आरसा कधीतरी घरातून नाहीसा झाला आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. मी फोडला आणि लपवला म्हणे! मी नाही फोडला. शंभरदा सांगून झालं. बाबा अजून कपाटाच्या आरशात वाकून दाढी करतात आणि हनुवटी कापली गेली की माझ्याकडे बघतात.

माझा कॅमेरा एसएलआर आहे, डिजिटल, हौसेने घेतलेला. पण त्याच्याबरोबर आलेली लेन्स छोटी. तिच्यातून क्रेन दिसतात त्या टाचण्यांएवढ्या. म्हणून दुसऱ्या दिवशी मी लेन्स भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात गेले.

दुकान एका अरुंद जिन्यावर होतं. आत काचेची कपाटं, कपाटांत लेन्सच लेन्स, सगळ्या तोंड वर करून बसलेल्या. बाहेरच्या रस्त्याचा उजेड त्यांच्या भिंगांत जांभळा-हिरवा होऊन पडला होता. कुणी बोलत नव्हतं. दुकानदार एका लेन्सवर फुंकर घालून मऊ कापड फिरवत होता. मीसुद्धा आपोआप आवाज खाली आणला. माझ्या आयुष्यात असं क्वचितच होतं.

"ती सगळ्यात मोठी द्या," मी तोफेसारख्या एका पांढऱ्या लेन्सकडे बोट दाखवलं.

"कशासाठी?"

मी सांगितलं. आई, क्रेन, मिटलेले डोळे, सगळंच सांगून टाकलं. का ते माहीत नाही. त्या उजेडात खोटं बोलवेना.

"ही तोफ तुम्हाला हातात धरता येणार नाही," तो म्हणाला. "आणि हिच्यात फक्त लांबचं दिसतं. आई नेमकी कुठे आहे ते शोधणार कसं? तेवढ्यात सुट्टी संपायची." त्याने खालच्या कप्प्यातून एक आखूड, जाडसर लेन्स काढली. "ही न्या. हिच्यात रुंद पण येतं आणि लांबचं पण. लेन्स बदलत बसायला नको, गच्चीवरची धूळ कॅमेऱ्यात जायला नको. सगळं एकीतच."

"सगळं थोडं थोडं येणारी म्हणजे आमच्या आतेभावासारखी," मी म्हटलं. "त्याला नळही दुरुस्त करता येतो आणि गाणंही म्हणता येतं. दोन्ही गळतात."

तो हसला. "थोडी गळते हीपण. लांबचं जरा मऊ येतं, धारदार नाही. आणि वापरून वापरून सैल झालीये. कॅमेऱ्याची मान वर केली की आपली आपण आत सरकते, खाली केली की बाहेर येते. हे बटण सरकवलं की थांबते. विसरू नका."

"मी विसरत नाही," मी म्हटलं आणि ओळखपत्राची प्रत देऊन लेन्स घेऊन आले.

त्या संध्याकाळी आम्ही बापलेक गच्चीवर बसलो. आई खाली शेजारणीशी बोलत होती. धक्क्यावर सामसूम होती, केबिन रिकाम्या. मी लेन्सची कडी हळूहळू फिरवायला लागले आणि गच्चीतून निघाले. खरंच, निघाले असंच वाटलं. आधी आमचा कठडा, मग खालच्या गच्चीत वाळणारी चादर, मग गोदामांचे पत्रे, पत्र्यांपलीकडे पाण्यावर सांडलेल्या तेलाचे रंग, आणि एका बोटीच्या टोकावर बटाटे सोलत बसलेला म्हातारा. पाऊल न उचलता मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले होते. त्याच्या सुरीचा आवाज मात्र येत नव्हता. एवढं जवळ आलेलं जग आणि सगळं मुकं, पाण्याखाली चालल्यासारखं. म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलं तेव्हा मी दचकून श्वास रोखला.

बाबांना दिलं तर ते कॅमेरा सोडेनात. "साल फार जाड काढतोय," ते कुजबुजले.

"मोठ्याने बोला, बाबा. त्याला ऐकू जाणार नाहीये."

"हो गं," असं पुन्हा कुजबुजतच म्हणाले. क्रेनकडे त्यांनी कॅमेरा वळवला नाही. "ती उद्या," म्हणाले. "ती त्यात असताना."

आईच्या शेवटच्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की समोरचं सगळं तरंगत होतं. पत्रे वितळल्यासारखे, क्रेनचे पाय पाण्यात बुडाल्यासारखे. गच्चीत आम्ही दोघंच. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता. फोटो त्यांचा नव्हता काढायचा, तरीपण. भोंगा झाला. त्यांनी लाल कापड उचललं.

मी लेन्स पार शेवटपर्यंत बाहेर काढली आणि डावीकडून तिसऱ्या क्रेनची केबिन धरली. काच चकाकली, हवा हलली, मग चेहरा दिसला.

मिशी होती.

मी डोळा चोळून पुन्हा लावला. चांगली भरघोस मिशी. एक पुरुष मांडीवर डबा उघडून बसलेला. त्याने आमच्या दिशेने पाहिलं, घास गालात सारला, डाव्या हाताने दांडा ओढला आणि हूक खाली गेला, वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग तो हसला आणि परत डब्यात बोटं घातली.

शेजारी माझे बाबा, धुतलेल्या शर्टात, त्या मिशीला लाल कापड हलवून दाखवत होते. किती वर्षं? मी शाळेत जायच्या आधीपासून.

"दिसली का?" बाबांनी विचारलं. कापड अजून हातात होतं.

"हवा हलतेय. थांबा जरा," मी म्हटलं. मला एकच कळत होतं. यांना हे कळता कामा नये. आज तर नाहीच. फोटो खड्ड्यात गेला, पण या माणसाची दुपार कुणी हिसकावून घेता कामा नये. आणि त्याच वेळी आईचा असा संताप आला की कॅमेरा तसाच आभाळाकडे उचलला आणि डोळ्यांत आलेलं पाणी आवरायला लागले.

बटण मी विसरले होते. लेन्स आपली आपण आत सरकली. पुन्हा डोळा लावला तेव्हा समोर मिशीवाला नव्हता, अख्खा धक्का होता, चारही क्रेन एकाच चौकटीत, लहान लहान, उन्हात डुलणाऱ्या. आणि दुसऱ्या क्रेनमध्ये काहीतरी चमकत होतं. इवलासा उजेड, आमच्याकडेच रोखलेला.

मी कडी फिरवली आणि पुन्हा निघाले. दुसऱ्या क्रेनची आमच्याकडे पाठ होती, तोंड जहाजाकडे. केबिनच्या मागच्या काचेतून एक अंबाडा दिसला. तो अंबाडा मी कुठेही ओळखेन, वेणी घालायचा कंटाळा म्हणून पेन्सिल खुपसून बांधलेला. आणि त्या अंबाड्याच्या वर, समोरच्या काचेला तारेने बांधलेला एक गोल आरसा. गुलाबी कडेचा. कडेला टवका.

आरशात आई होती. हातात डबा तसाच, आणि ती आमच्याकडे बघत होती. आमच्या गच्चीकडे, लाल कापडाकडे, बाबांकडे. जरा मऊच दिसत होती, लेन्सवाल्याने सांगितलं होतं तशी, कडा हवेत विरघळलेल्या. पण डोळे टक्क उघडे. चेहऱ्यावर असं हसू की मी ते घरात कधी पाहिलेलं नव्हतं.

मी बटण दाबलं. मग परत दाबलं, परत, परत.

"आला का?" बाबा म्हणाले.

"आला. संध्याकाळी दाखवते. आईसमोर." आणि त्यांनी कॅमेरा मागायच्या आत तो पिशवीत टाकला.

आईला मी जिन्यातच गाठलं. शेवटचा दिवस म्हणून तिथल्या लोकांनी दिलेली फुलं तिच्या हातात होती. ती मी काढून घेतली आणि सुरू झाले. "तू दुसऱ्या क्रेनमध्ये काय करतेस? तिसऱ्यात कोण आहे तो? बाबा रोज त्याला कापड हलवतात! आणि आरसा तू नेलास? माझ्यावर आळ आला तेव्हा गप्प बसलीस?"

आई पायरीवर बसली. आधी चपलेचा बंद सोडला, मग हसायला लागली.

"अगं, धक्क्यावर सगळं पाण्याकडून मोजतात. बोटी तिकडून येतात ना. माझी डावीकडून तिसरीच आहे, पाण्याकडून. यांनी मोजली घराकडून. मला कुठे माहीत? पहिल्याच आठवड्यात शेजारच्या क्रेनवाल्याने मला विचारलं, वरच्या गच्चीतून एक माणूस मला रोज लाल कापड दाखवतो, काही धोका आहे का? मी म्हटलं, धोका नाही, आमचे हे आहेत."

"मग बाबांना सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर ओशाळले असते. पुन्हा गच्चीवर पाऊल टाकलं नसतं. ओळखत नाहीस का त्यांना? आणि माझ्या क्रेनकडे हलवलं असतं तरी काय? सुट्टीत माझा हूक पाण्याच्या बाजूला असतो, क्रेनच्या आड. यांना काही दिसलं नसतं. बिचारे वाट बघून खाली गेले असते." ती फुलांकडे बघत राहिली. "त्याची क्रेन या बाजूला तोंड करून असते, म्हणून मी त्याला म्हटलं, तू हलवत जा. दोनदा. तेव्हापासून तो हलवतोय. एकदा आजारी होता, तर बदलीवाल्याला सांगून गेला."

"आणि तू?"

"मला दिसत होते की. आरशात."

माझा सगळा राग कुठे गेला देव जाणे. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि रडले, अगदी मोठ्याने, शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं इतक्या मोठ्याने.

"चल," आई म्हणाली. "आता मीच सांगते."

बाबांनी चष्मा पुसला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो, मी मोठा करून धरलेला, बराच वेळ पाहिला. पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने?

"हा माझा दाढीचा आरसा आहे!"

आईने डब्याच्या पिशवीतून आरसा काढला आणि टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "आता माझी माफी मागा." बाबांनी ऐकलंच नाही. आई सांगत होती, पाण्याकडून, घराकडून, मिशीवाला, बदलीवाला. बाबांचे कान लाल होत गेले. आम्ही दोघी हसलो तसे तेही हसले, पण हसू लवकर संपलं. त्यांनी लाल कापडाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

"फोटो छान आलाय," म्हणाले. "डोळे उघडे आहेत." आणि आत गेले.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला याचीच भीती होती, इतकी वर्षं.

दुसऱ्या दिवशी लेन्स परत द्यायची होती. मी दुपारी निघणार होते. आई घरात होती आणि तिला घरात कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं. बाबा मान खाली घालून पुठ्ठ्याला खळ लावत होते. भोंगा झाला. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

आईने खण उघडला, लाल कापड काढलं, झटकलं आणि त्यांच्या पुढ्यात धरलं. "चला."

"आता कशाला? तू तर इथे आहेस."

"मी आहे इथे. पण तो वाट बघत असेल ना. जेवायला बसला नसेल अजून."

बाबांनी हातातला पुठ्ठा बाजूला ठेवला. मग उठले. आम्ही तिघं गच्चीवर गेलो, माझ्या गळ्यात कॅमेरा. बाबा कठड्याशी गेले, आधी घसा खाकरला, जसं काही बोलायचंच आहे, आणि कापड हलवलं. समोर उन्हात डावीकडून तिसरीचा हूक खाली गेला, वर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

आई माझ्याशेजारी उभी होती. एकदम म्हणाली, "अहो! तुम्ही उजव्या हाताने हलवता होय?"

बाबा वळले. "मग? कोणत्या हाताने हलवणार?"

"आरशात डावा दिसायचा. मला इतकी वर्षं वाटायचं, उजव्याला खळ लागलेली असेल म्हणून डावा वापरत असाल."

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो हात पुन्हा उचलला आणि कापड हलवलं, या वेळी बंदराकडे नाही, आईकडे, चार पावलांवरून. ती बघत राहिली, सरळ, पापणी न हलवता. मी लेन्स पार मागे घेतली, दोघं मावतील आणि मागे चारही क्रेन मावतील इतकी, आणि बटण दाबलं. तिला कळलंसुद्धा नाही.